बांधापासून डांबरापर्यंत

विंचूरच्या उपबाजार आवारात सकाळी लिलावाआधी ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा सगळ्यांची नजर मागे, ट्रॉलीतल्या मोकळ्या कांद्यावर असते. व्यापारी मूठभर माल उचलून रंग आणि पत्ती बघतो, शेतकरी व्यापाऱ्याचं तोंड बघतो. मला अलीकडे दुसराच नाद लागलाय. मी पुढची चाकं बघत फिरतो. पुढचं टायर लहान आणि त्यावर नुसत्या उभ्या पट्ट्या असतील तर तो ट्रॅक्टर टू व्हील. पुढचं टायर मोठं आणि मागच्यासारखेच त्यावर तिरपे उंच कंगोरे असतील तर फोर व्हील. वीसेक वर्षांपूर्वी या रांगेत दुसऱ्या प्रकारचं चाक शोधावं लागायचं. आता शोधावं लागत नाही.

नादाचा पुढचा भाग म्हणजे त्या कंगोऱ्यांत अडकलेली माती. ऑगस्टात ती भरपूर दिसते. जानेवारीत लाल कांद्याच्या हंगामात मात्र कित्येक फोर व्हीलचे पुढचे कंगोरे इतके कोरडे आणि धारदार असतात, की पुढच्या चाकांना शेवटचं काम कधी मिळालं असेल याचा विचार पडावा. रांगेतल्या एका चालकाला विचारलं, फोर व्हीलचा खटका शेवटचा कधी टाकला? तो हसला. “दादा, घेतला तेव्हा दाखवायला टाकला होता. मग पोळ्याच्या सुमारास एकदा. पण तेव्हा नसता ना, तर तिथंच बसलो असतो.”

या उत्तरात सगळा प्रश्न आला. ओझं ओढायला टू व्हील घ्यावा की फोर व्हील, याची चर्चा विंचूर, लासलगाव, निफाड, येवला या पट्ट्यात कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. ती बहुधा दोन टोकांवर होते. एकाला वाटतं फोर व्हील म्हणजे नुसता मिरवण्याचा खर्च. दुसऱ्याला वाटतं फोर व्हील म्हणजे दुप्पट ताकद. दोघंही चुकतात, आणि दोघांच्याही चुकीचं मूळ एकच आहे: इंजिनाची ताकद आणि चाकाची पकड यांत त्यांनी गल्लत केलेली असते. पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर टू व्हील असो वा फोर व्हील, इंजिन पंचेचाळीसचंच राहतं. फरक पडतो तो ही ताकद जमिनीला किती पोचते यात.

याचा ढोबळ हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. आकडे मी सोयीसाठी गोल धरतो, प्रत्येकाने आपल्या ट्रॅक्टरचे घालावेत. टू व्हील ट्रॅक्टर वीस क्विंटलचा धरू. त्यातला साडेबारा क्विंटल भार मागच्या चाकांवर, उरलेला पुढे. रिकामी ट्रॉली पंधरा क्विंटलची, वर तीस क्विंटल कांदा. म्हणजे ट्रॉली पंचेचाळीस आणि सगळी गाडी मिळून पासष्ट क्विंटल. डांबरी रस्त्यावर हे ओझं लोटायला त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के ओढ लागते, म्हणजे सव्वा-दीड क्विंटल. मागच्या दोन चाकांची डांबरावरची पकड त्यांच्यावरच्या वजनाच्या सत्तर टक्के धरली, तरी पावणेनऊ क्विंटलची ओढ हाताशी आहे. गरजेच्या सहापट. विंचूरहून लासलगावला किंवा निफाडला सपाट रस्त्याने कांदा नेणाऱ्याला पुढच्या चाकांना ताकद देण्याचं काहीही कारण नाही. इथं टू व्हीलवाला बरोबर ठरतो.

आता तीच गाडी पावसाने भिजलेल्या काळ्या मातीच्या वाटेवर घ्या. चाकं मातीत दाबली जातात, प्रत्येक फेऱ्याला समोर जणू एक छोटा चढ तयार होतो, आणि लोटायला लागणारी ओढ वजनाच्या दहा टक्क्यांवर जाते. पासष्टचे दहा टक्के म्हणजे साडेसहा क्विंटल. पकड मात्र घसरून चाळीस टक्क्यांवर येते. साडेबाराचे चाळीस टक्के म्हणजे पाच. साडेसहा हवेत, पाच आहेत. चाक जागेवर फिरतं, स्वतःचा खड्डा स्वतः खणतं आणि धुरा टेकला की खेळ संपतो. फोर व्हीलचं वजन थोडं जास्त, बावीस धरू, आणि ते सगळंच्या सगळं ओढणाऱ्या चाकांवर. बावीसचे चाळीस टक्के म्हणजे आठ-नऊच्या मधे. गरज पावणेसात. गाडी निघते. पोळ्याच्या सुमारासचा खटका तो हाच.

पण हिशेब इथं थांबवला तर विक्रेत्याचा माणूस खूश होईल आणि आपण फसू. कारण तिसरी गोष्ट राहिली आहे, आणि ती ट्रॅक्टरात नाही, ट्रॉलीत आहे. आपल्याकडे दोन जातीच्या ट्रॉल्या आहेत. एक चार चाकी, जिचं सगळं वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असतं आणि दांडी नुसती ओढण्यापुरती. दुसरी दोन चाकी, जिचा धुरा मधोमध नसून थोडा मागे असतो, त्यामुळे मालाचा काही भार दांडीतून थेट ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. हुक मागच्या धुऱ्याच्याही मागे. हा भार पाच क्विंटल धरला, तर मागच्या चाकांवर तो पाच येतोच, शिवाय तरफेच्या न्यायाने पुढचं टोक उचलून तिथला थोडा भारही मागे ढकलतो. साडेबाराचे साडेअठरा होतात. चाळीस टक्के पकड, म्हणजे जवळजवळ साडेसात. गरज साडेसहाची होती. तोच टू व्हील, तोच चिखल, तेवढाच कांदा. नुसती ट्रॉली बदलली आणि गाडी बाहेर आली.

जुनी माणसं कांदा ट्रॉलीत पुढच्या बाजूला जास्त का भरतात, याचं उत्तर या त्रैराशिकात आहे. त्यांनी हिशेब कधी मांडला नाही, बैलगाडीवरून उचलला. गाडी ‘उलाळ’ झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उठतं आणि ‘दाबाड’ झाली की बैलांची मान मोडते, हे ज्याने लहानपणी पाहिलंय त्याला हुकावर किती भार हवा हे शिकवावं लागत नाही. मात्र ट्रॅक्टरची मान बैलासारखी हंबरत नाही. दांडीवर फार भार झाला की पुढची चाकं हलकी होतात, सुकाणू हातात फिरतं पण गाडी वळत नाही. पुलाच्या कठड्याजवळ हे कळून उपयोग नसतो. म्हणून पुढच्या बंपरला लोखंडी वजनं लावतात. टू व्हीलवाल्यासाठी ती सुकाणूला पकड देतात, फोर व्हीलवाल्यासाठी ती ओढण्याचंही काम करतात.

आणखी एक पायरी. बांधावरून रस्त्यावर चढताना वीस फुटांत एक फूट चढ असेल, तर वरच्या गरजेत पासष्टचा विसावा भाग, म्हणजे सव्वातीन क्विंटल वाढतात. गरज पावणेदहावर गेली. आता चार चाकी ट्रॉली लावलेला फोर व्हीलही फिरतो जागेवर, कारण त्याची मजल पावणेनऊपर्यंतच. तो चढ फक्त दोन चाकी ट्रॉली आणि फोर व्हील यांची जोडी चढेल. किंवा दहा क्विंटल कांदा कमी भरणारा शहाणा.

अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संघटनेने ट्रॅक्टरच्या ओढण्याच्या क्षमतेचे जे मानक तक्ते केले आहेत, तेही वेगळं सांगत नाहीत. चाकाच्या धुऱ्याला मिळालेल्या ताकदीपैकी प्रत्यक्ष ओढण्याला किती लागते, याचं प्रमाण त्यात दिलं आहे. काँक्रीटवर टू व्हील आणि पुढची चाकं जोडता येणारा ट्रॅक्टर, दोघांचंही सत्याऐंशी टक्के. घट्ट जमिनीवर बहात्तर आणि सत्याहत्तर. मऊ जमिनीवर पंचावन्न आणि पासष्ट. जमीन जितकी मऊ, फरक तितका मोठा. कुणी तुम्हाला ‘फोर व्हील किती टक्के जास्त ओढतो’ हे एका आकड्यात सांगू लागला, तर त्याला आधी विचारा, कुठल्या जमिनीवर?

आणि जमीन हा विंचूरच्या बाबतीत मोठा विषय आहे. गाव नाशिक–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर, इथूनच विंचूर–प्रकाशा राज्यमार्ग उत्तरेला लासलगाव, चांदवडकडे निघतो. नैर्ऋत्येला उतरलं की गोदाकाठ. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा, ज्या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला, त्याच्या आजूबाजूची जमीन खोल काळी. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगून लोण्यासारखी होते. तिच्यात पाणी मुरायला वेळ लागतो, वाळायला त्याहून जास्त. पाऊस उघडून चार दिवस झाले, वर पापुद्रा धरला, माणूस चालला तर चप्पलही भिजत नाही. पण ट्रॉलीचं चाक पापुद्रा फोडून खाली जातं. उत्तरेला चांदवडच्या डोंगरांकडे सरकावं तसा मुरूम वर येतो. मुरमाड वाटेवर पाऊस थांबल्यावर तासा-दोन तासांत ट्रॉली निघते. दोन गावांतलं अंतर पंधरा-वीस किलोमीटर, दोघांचा कांदा एकाच लिलावात, आणि तरी एकाला फोर व्हील लागतो, दुसऱ्याला तो लाख रुपयांची शोभा. म्हणून ‘आमच्या पाहुण्याने घेतला’ हे खरेदीचं सगळ्यात वाईट कारण. पाहुण्याची जमीन विचारा.

कांद्याच्या धंद्याने या प्रश्नाला आणखी एक पीळ दिला आहे. उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो आणि चाळीत जातो. भाव बघत बघत तो ऑक्टोबरपर्यंत विकला जातो. म्हणजे काढणी कोरड्यात, पण विक्री ऐन पावसाळ्यात. चाळ शेतात, बाजार डांबरावर, आणि मधे पाणंद. ही रचना लासलगावला १९४७ साली बाजार समिती झाली तेव्हापासूनच्या बैलगाड्यांनाही लागू होती, पण तेव्हा गाडीत माल किती असायचा? आज एका खेपेत तीस क्विंटल न्यायचे असतात.

त्यात भाव. २०२३ मध्ये १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लावलं, ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. शुल्क पूर्ण उठलं ते १ एप्रिल २०२५ ला. अशा उलथापालथीत भाव एका आठवड्यात कुठून कुठं जातो ते या भागातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. ज्या मंगळवारी भाव चढला त्या मंगळवारी ज्याची ट्रॉली बाहेर पडली, त्याने मिळवलं. ज्याची पाणंदीत बसली, तो गुरुवारी जाईल. फोर व्हीलची खरी किंमत काढायची तर ती या दोन दिवसांच्या फरकात काढावी लागते. डिझेल आणि टायरचा हिशेब त्यापुढे किरकोळ आहे. अर्थात हे दोन्ही बाजूंनी कापतं. घाईने नेलेला माल पडत्या भावात सापडल्याचीही उदाहरणं घरोघरी आहेत, आणि त्याला चाकं दोन असोत की चार, काही फरक पडत नाही.

कोरड्या महिन्यांचा भरवसाही राहिलेला नाही. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागा झोडपल्या. २०२५ चा मे तर कांदा काढणीच्या तोंडावर पावसाळ्यासारखा कोसळला. ज्या महिन्यात टू व्हीलने कधी अडचण दिली नव्हती, त्या महिन्यात काढलेला कांदा शेतात आणि ट्रॉली बांधावर, अशी गत झाली. टू व्हीलच्या बाजूचा सगळ्यात मजबूत युक्तिवाद ‘चिखलाचे दिवस वर्षात किती?’ हा होता. तो युक्तिवाद अजून चुकीचा नाही, पण ते दिवस आता कॅलेंडरवर बोट ठेवून सांगता येत नाहीत.

डांबरावर आल्यावर फोर व्हीलचं काय करायचं, हे मात्र बऱ्याच मालकांना कुणी सांगितलेलं नसतं. पुढची चाकं लहान असतात, आणि ती मागच्यांपेक्षा एक ते पाच टक्के जास्त वेगाने ओढत राहावीत अशी गिअरांची मांडणी मुद्दाम केलेली असते. मऊ मातीत हा फरक माती गिळते. डांबर गिळत नाही. तिथं खटका टाकलेला ठेवला तर पुढचे कंगोरे घासतात, धुऱ्यातल्या दातऱ्यांवर उगाच ताण येतो आणि डिझेल जातं. म्हणून रस्त्यावर खटका काढायचा. अपवाद एकच, भरल्या ट्रॉलीचा उतार. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि आपल्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतातच. उतारावर मागून पंचेचाळीस क्विंटल ढकलत असताना दोनच चाकं थांबवायला असणं फार वाईट. खटका टाकलेला असला तर पुढची चाकंही दांड्याने मागच्यांना जोडलेली राहतात आणि चारही चाकं थांबायला मदत करतात. विंचूर–निफाड पट्टा सपाट, त्यामुळे इथं याची आठवण होत नाही. चांदवडच्या राहुड घाटाकडे ट्रॉली घेऊन जाणाऱ्याने ती ठेवावी. माझं मत विचाराल तर फोर व्हीलवर खर्च करण्याआधी ट्रॉलीला ब्रेक बसवण्यावर खर्च व्हायला हवा. पण ट्रॉलीचे ब्रेक लग्नाच्या वरातीत दिसत नाहीत.

द्राक्षबागेत या प्रश्नाचा निकाल कधीच लागला आहे. दोन ओळींमधे आठ-दहा फूट जागा, वर मांडवाची तार, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनी रोगाच्या भीतीने त्याच दिवशी फवारणी. ‘वाळू दे मग बघू’ म्हणायला सवडच नाही. भरलेला ब्लोअर मागे घेऊन ओल्या बागेत शिरणारा लहान ट्रॅक्टर टू व्हील असेल तर तो ओळीच्या मधोमध रुततो, आणि तिथून त्याला बाहेर काढायला दुसरा ट्रॅक्टर आत नेता येत नाही, वेली जातात. म्हणून चोवीस-सत्तावीस हॉर्सपॉवरचे कुबोटा, महिंद्राचा जिवो, व्हीएसटीचे छोटे ट्रॅक्टर बागेत फोर व्हीलच चालतात. भातखाचरांच्या जपानी तंत्राचा वारसा असलेली ही यंत्रं निफाडच्या द्राक्षाला लागू पडली. खाचरातही चिखल, बागेतही चिखल, दोन्हीकडे जागा चिंचोळी. यांनी मग क्रेटची छोटी ट्रॉलीही ओढायला सुरुवात केली. ज्याच्याकडे बाग आणि कांदा दोन्ही आहे, तो पुष्कळदा चुकीचा हिशेब इथंच करतो: बागेतला छोटा फोर व्हील आहेच, तोच तीस क्विंटलची ट्रॉली ओढेल. चिखलातून तो हलवेलही थोडी. पण त्याचं स्वतःचं वजन सहा ते दहा क्विंटलच्या आसपास. मागून पंचेचाळीस क्विंटल ढकलायला लागले की थांबवणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

ट्रॅक्टरऐवजी पिकअपने कांदा आणणारेही आता पुष्कळ आहेत. पिकअप ओढत नाही, पाठीवर घेते, त्यामुळे हिशेब उलटतो. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. रिकामी असताना मागे वजनच नसतं. त्यामुळे शेतात जाताना ती फसते आणि माल भरून परतताना, निदान कडक वाटेवर, व्यवस्थित निघते. चालक दोन-चार गोण्या वाळू मागे टाकून हिंडतात ते यासाठी. इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स अशा फोर व्हील पिकअप शहरात दिसू लागल्या, बाजार समितीत क्वचितच. अमेरिकेत मात्र पिकअपच्या मागे ट्रेलर जोडणं ही रोजची गोष्ट, आणि तिथला एक तपशील आपल्याकडच्या ‘फोर व्हील म्हणजे दुप्पट ताकद’वाल्यांनी ऐकण्यासारखा आहे. एकाच पिकअपच्या दोन आवृत्त्यांत फोर व्हीलची अधिकृत ओढण्याची मर्यादा बहुधा थोडी कमी असते. कारण गाडी आणि ट्रेलर मिळून किती वजन चालेल ते ठरलेलं. फोर व्हीलचा पुढचा धुरा त्यातलंच वजन खातो. तिथं लोक फोर व्हील घेतात ते बर्फासाठी, ओल्या गवतासाठी, तळ्याच्या काठावरून होडी वर ओढण्यासाठी. म्हणजे पुन्हा शेवटच्या दोनशे फुटांसाठी.

ही गोष्ट नवी नाही. मराठा सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर ज्या पानिपतावर लढले, त्या काळच्या फौजांच्या तोफा बैलांच्या लांबलचक जोड्या ओढायच्या, आणि चढ किंवा चिखल आला की मागून हत्ती लावत. सपाटीला बैल पुरत. हत्तीचा खुराक रोजचा, काम अधूनमधून. फोर व्हीलचा हिशेब यापेक्षा फार वेगळा नाही.

आता पैशाकडे. पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरच्या गटात त्याच ट्रॅक्टरच्या टू व्हील आणि फोर व्हीलमध्ये साधारण लाख-दीड लाखाचा फरक पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला, ट्रॅक्टरच्या टायर आणि सुट्या भागांवरचा अठरावरून पाचवर. त्यामुळे फरक थोडा आकसला, नाहीसा झाला नाही. टायरवरची सवलत फोर व्हीलवाल्याला जास्त लागू, कारण त्याची पुढची टायर मोठी, महाग आणि लवकर झिजणारी. ती बदलताना मापही मनाने बदलता येत नाही. मागे एका मापाची, पुढे मिळेल ती, असं केलं की दोन्ही चाकांच्या वेगाचं गणित मोडतं आणि धुरा रडू लागतो. पुढच्या धुऱ्याचं तेल, चाकाजवळची सीलं, चिखल आत शिरणं हे सगळं वाढीव. वळायला जागा जास्त लागते, हे बांधाच्या कोपऱ्यावर रोज जाणवतं.

फरकाचे सव्वा लाख दहा वर्षांवर पसरले तर व्याज सोडून वर्षाला साडेबारा हजार. एवढ्यात वर्षात किती वेळा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला बोलावून टोचन करून घेता येईल? पुष्कळ वेळा. नुसतं कांदा वाहण्यासाठी फोर व्हील घेणाऱ्याला मी हा प्रश्न विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर टू व्हीलच्या बाजूने येतं. पण कुणीही नुसतं कांदा वाहण्यासाठी ट्रॅक्टर घेत नाही. पलटी नांगर आणि रोटा तोच ओढतो. खोल नांगरटीत मागची चाकं फिरण्यात जाणारं डिझेल फोर व्हीलमध्ये वाचतं आणि दिवसाकाठी जास्त क्षेत्र होतं. दुसऱ्याकडे भाड्याने नांगरणारा, गोदाकाठच्या उसात पाणी सुटल्यावर फडातून ट्रॉली काढणारा, यांचा जास्तीचा खर्च लवकर फिटतो. ट्रॉली ओढणं ही त्यांना मिळालेली वरकड सोय. आठ-दहा एकर, घरची नांगरट, वाट मुरमाची, अशा माणसाचा नाही फिटत, कितीही मन झालं तरी.

आणि ज्याच्याकडे आधीच चांगला टू व्हील आहे, त्याने विकण्याआधी चार स्वस्त गोष्टी करून बघाव्यात असं मला वाटतं. मागच्या टायरच्या ट्यूबमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरलं की एका टायरला मापाप्रमाणे दीडशे-दोनशे लिटर बसतं. दोन टायर मिळून तीन-चार क्विंटल वजन फुकट. वरच्या हिशेबात ते घालून बघा. झिजलेलं टायर काळ्या मातीत चाक नसून घोटलेली पाटी असते, ते बदला. शेतातून निघताना हवा थोडी कमी, डांबरावर भरल्या ट्रॉलीसाठी पुन्हा पुरेशी. आणि डिफरन्शियल लॉकचं ते पायाखालचं पेडल, जे कित्येक ट्रॅक्टरांत गंजून बसलेलं असतं. एक चाक फिरतंय आणि दुसरं स्थिर आहे, या अवस्थेत ते दोघांना बांधतं. चाक फिरायला लागण्याआधी दाबायचं, वळणावर कधीच नाही. यातलं काहीच कुणी मिरवत नाही, म्हणून ते राहून जातं.

टोचन करताना होणाऱ्या अपघातांबद्दल दोन शब्द, कारण ट्रॅक्टरच्या निवडीपेक्षा माणूस महत्त्वाचा. रुतलेली ट्रॉली ओढताना साखळी खालच्या हुकालाच लावायची. वर, टॉप लिंकच्या जागी लावली की ओढ मागच्या धुऱ्याच्या वरून जाते; चाकं जमिनीत अडकलेली, इंजिन जोरात, मग चाकं फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच चाकांभोवती फिरतो. पुढचं तोंड आकाशाकडे जातं आणि काही क्षणांत चालक खाली असतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत उशीर झालेला असतो. फोर व्हीलचं पुढचं वजन जास्त असल्याने तो उभा राहायला थोडा जास्त विरोध करतो, इतकंच. तो उभा राहतच नाही असं नाही. साखळीच्या रेषेत पोरांनी उभं राहायचं नाही, हे दरवर्षी सांगावं लागतं.

राहिली पाणंद. राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत आणि पाणंद रस्ते योजना आणली. जिथं तिच्यातून खडी-मुरमाची वाट झाली, तिथं फोर व्हीलचा प्रश्नच बदलला. जिथं एका बांधकऱ्याने दोन फूट सोडायला नकार दिला आणि काम अडलं, तिथं त्या वाटेवरच्या पाच-सहा घरांनी एकेक करून फोर व्हील घेतले. प्रत्येकाचे लाख-सव्वा लाख जादा गेले. सगळ्यांचे मिळून जे झाले त्यात किती ब्रास मुरूम आला असता, हा हिशेब मी एकदा त्या वाटेवरच्या एका नानांना करून दाखवला. नाना शांतपणे म्हणाले, “बरोबर ए. पण मुरूम टाकला तर त्याच्यावरून तो बी जाईल ना.”

त्यामुळे आता कुणी विचारलं की मी ट्रॅक्टरबद्दल बोलतच नाही. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या दारापासून डांबरापर्यंत पायी चाला म्हणतो, हातात पहार घेऊन. दर पन्नास पावलांवर ती टोचा. पहार किती वेळा वितीपेक्षा जास्त आत गेली ते मोजा, आणि डांबरावर चढताना दम लागतो का ते बघा. मग ट्रॉलीची चाकं मोजा. विक्रेत्याकडे त्यानंतर जा.

परवा एक जण असा चालून आला आणि म्हणाला, फक्त ओढ्यापाशी पहार गेली, तिथं नळी टाकून दोन ट्रॉल्या मुरूम पडला की झालं. त्याच्या टू व्हीलच्या मागच्या टायरात पाणी भरायचं काम त्याच संध्याकाळी विंचूरला उरकलं.